हिंगाचा डबा आणि कडू पानं

आमच्या लियाचं लग्न मावा नावाच्या किडीमुळे मोडता मोडता राहिलं, आणि त्यात किडीचा काहीही दोष नव्हता. दोष कोणाचा होता ते पुढे येईलच. (घरात कोणालाही विचारलंत तरी ते माझ्याकडेच बोट दाखवतील, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.)

साल १९६३. यहुद्यांच्या नव्या देशातल्या ओफाकिमला येऊन आम्हाला तिसरं वर्ष लागलं होतं. गाव म्हणजे सारख्याच घरांच्या रांगा, मधे धूळ आणि रांगा संपल्या की पुढे नुसतीच धूळ. मी कापडाच्या कारखान्यात ताग्यांना चिठ्ठ्या लावायचं काम करायचो. त्याआधी मुंबईत मशीद बंदरला एका हिंगाच्या पेढीवर चौदा वर्षं कारकून होतो. मूळचे आम्ही कुलाबा जिल्ह्यातल्या वरसोलीचे. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवार हा आम्हा यहुद्यांचा विसाव्याचा वार म्हणून तो दर शनिवारी बंद असे. म्हणजे आमच्या घराण्यानं तेल काढलं होतं, हिंगाच्या पावत्या लिहिल्या होत्या, पण जमिनीत बी टाकून ते उगवताना कोणी पाहिलं नव्हतं. इथे घराबरोबर मागच्या बाजूला जमिनीचा एक तुकडा मिळाला आणि मी शेतकरी झालो. त्यासाठी मी एक टोपीही घेतली.

लिया आमची थोरली. बालवाडीत शिकवायची. आम्ही मराठीत विचारावं आणि तिनं हिब्रूत उत्तर द्यावं, अशी आमच्या घराची रीत पडून गेली होती. एक दिवस मात्र तिनं आपणहून मराठीत सांगितलं, की बेर्शेबाच्या शिमोनशी तिला लग्न करायचंय. मराठीत सांगितलं म्हणजे गोष्ट पक्की, हे आम्ही दोघांनी ओळखलं. शिमोन बसगाड्या दुरुस्त करायचा. मुलगा सरळ होता. प्रश्न त्याच्या वडलांचा होता.

त्यांचं नाव मकलूफ. मी त्यांना मुंबईच्या सवयीनं मकलूफसाहेब म्हणायचो. ट्यूनिसियातल्या एका बेटावरून आलेले, बायको वारलेली, बसच्या आगारात सामानाच्या कोठारावर नेमलेले. प्रत्येक नट उजेडात धरून पाहिल्याशिवाय ते आत घेत नसत, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांची पद्धत तीच होती. आमच्या लोकांबद्दल त्यांनी वाईट शब्द कधी काढला नाही. फक्त, हिंदुस्थानातले यहुदी म्हणजे नेमके कोण, असं त्यांनी शिमोनला दोनतीनदा विचारलं होतं.

हे विचारणारे ते एकटे नव्हते. त्या दिवसांत आमच्या माणसाचं लग्न दुसऱ्या मुलखातून आलेल्या घरात ठरलं की धर्मगुरूंच्या कचेरीत चौकशी व्हायची, ही माणसं खरी यहुदी का. आई कोण, आजी कोण, आजीची आई कोण. माझ्या आजीच्या आईचं नाव रहेल होतं आणि आयुष्यात एकाही शनिवारी तिनं चूल पेटवली नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण चूल न पेटवल्याचा कागद कोण करून ठेवतो? विनोदी आठवणी सांगायला बसलेल्या माणसानं हे बोलू नये खरं तर. पण तेव्हा मला फार लागलं होतं. दोन हजार वर्षं जे जपलं असं घरातले म्हातारे सांगत आले, ते आता एका मुलाच्या बापासमोर सिद्ध करायचं होतं, आणि माझ्या लेकीचा चेहरा रोज संध्याकाळी मला त्याची आठवण करून द्यायचा.

मकलूफसाहेबांनी होय म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. शिमोनकडून निरोप पाठवला, की यंदा पेसाखच्या पहिल्या संध्याकाळी ते आमच्याकडे जेवतील. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. बाकीचं त्यानंतर.

पेसाख म्हणजे मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या संध्याकाळी गुलामीच्या कडवटपणाची आठवण म्हणून कडू पान खातात. इथे त्यासाठी वापरतात सॅलडची पानं, मुंबईत साहेब लोक ज्याला लेट्यूस म्हणायचे ती. आता कीड खाणं आमच्या धर्मात निषिद्ध, आणि सॅलडवर मावा पडतो. हिरव्या पानावर हिरवी कीड, मोहरीहूनही लहान, ती दिसणार कशी? शिमोननं लियाला बजावून ठेवलं होतं, की त्याचे वडील एकेक पान खिडकीशी धरून बघतात. सख्ख्या भावाच्या घरी कोथिंबिरीत एक किडा निघाला, तेव्हापासून ते तिथे फक्त उकडलेलं अंडं खातात. तेही स्वतः सोलून.

"बाजारातली पानं आणायचीच नाहीत," मी घरात जाहीर केलं. "आपल्या मळ्यातली वाढू. बिनकिडीची."

बायको म्हणाली, "मळा कंचा?"

एस्तेरचा स्वभावच तसा. मी लक्ष दिलं नाही.

गावात शेतीचा एक तरुण मास्तर यायचा. त्यानं मला दोन प्रकारचं बी दिलं होतं. एक गोल गड्ड्याचं, कोबीसारखं मिटणारं, पान गोड आणि कुरकुरीत. दुसरं तांबूस कडांचं, झालरीसारखं पसरणारं. तिसरं बी एस्तेरनं बेर्शेबाच्या बाजारात एका म्हातारीकडून पदराच्या गाठीला बांधून आणलं होतं. ते मी मळ्यात घेतलं नाही. म्हणून तिनं ते मोरीचं पाणी जाई तिथे, कुंपणाशी टाकून दिलं. त्याची पानं उभी, लांब, जाड, आणि मोडलं की पांढरा चीक यायचा. मी एकदा चावून पाहिलं आणि नंतर अर्धा तास नुसता गूळ शोधत फिरलो. (गूळ इथे मिळत नाही.)

मार्च सरत आला तसा मावा आला. गोल गड्ड्यावर तो असा पडला, की जणू ती घरं त्याच्याचसाठी बांधली होती. एकेक पान उलगडावं तो आत आजी, आया, नाती, सगळं कुटुंब बसलेलं. मोजायला लागलो आणि एकाच पानावर मोजणं सोडून दिलं. तांबूस कडांच्या पानावर त्या मानानं कमी होता. पान पसरट, लपायला जागा कमी, आणि रंगही त्याला फारसा पसंत नसावा. पण पंख फुटलेले काही उडून येत, दोन दिवस राहून बघत आणि शेजारच्या गड्ड्यात बिऱ्हाड हलवत. कुंपणाशी, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या त्या लांब पानांवर मात्र एकही नाही. मी भिंग लावून पाहिलं. एकही नाही.

मास्तर आला तेव्हा मी त्याला ही तक्रारच म्हणून सांगितली. तो त्या कुंपणाशी उकिडवा बसला, पान मोडून चीक बोटाला लावला आणि खूश झाला. मग त्यानं मला समजावलं, की एकाच भाजीच्या निरनिराळ्या जातींना मावा सारखा लागत नाही. काहींचं पान त्याला जाड पडतं, काहींचा चीक नकोसा होतो. ही जात त्याला सोसत नाही, तर हीच लावा, औषधपाण्याची गरजच नाही. इतकं सोपं होतं ते. कारखान्यातल्या खेचरालाही कळलं असतं.

मी मास्तरला चहा पाजला आणि मनात म्हटलं, पोरगा अजून लहान आहे. ज्या पानाला कीडसुद्धा तोंड लावत नाही, ते मी व्याह्याच्या पानात वाढू? उद्या तो म्हणेल, हिंदुस्थानातल्या लोकांनी मला कुंपणाचा पाला खायला घातला. नाही. वाढायचा तर गोल गड्डा. गोड, कुरकुरीत, इज्जतदार. फक्त त्यातला मावा तेवढा जायला हवा होता.

पहिल्यांदा मी राख टाकली. वरसोलीला वालाच्या वेलावर राख टाकतात हे मला आठवत होतं. ओफाकिमला वारा असतो हे आठवलं नाही. राख शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन बसली, आणि पुढचे दोन दिवस एस्तेर त्यांच्या चादरी धूत होती. मग साबणाचं पाणी. त्यानं मावा थोडा कमी झाला आणि गड्डा बराच कमी झाला. मग दाढीचा ब्रश घेऊन मी एकेक पान झाडायला बसलो. कारखान्यातून आलो की टोपी घालायची, पाट घ्यायचा आणि बसायचं. लिया खिडकीतून बघायची. एकदा बाहेर येऊन तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, राहू दे." हे तिनं मराठीत म्हटलं. म्हणून मला राहू देणं शक्यच नव्हतं.

आणि मग मला हिंग आठवला.

पेढी सोडताना शेठजींनी मला निरोपाचा म्हणून हिंगाचा एक मोठा पत्र्याचा डबा दिला होता. बांधानी हिंग, उत्तम प्रतीचा. एस्तेर त्यातून चिमूट चिमूट वापरायची, सोनाराच्या हातानं, कारण तो संपला की इथे दुसरा मिळणार नव्हता. पेढीवर असताना गोदामात कधी ढेकूण नाही, मुंगी नाही, उंदीरसुद्धा दारातून परत जायचा, हे मी चौदा वर्षं पाहिलं होतं. मी डबा हळूच उचलला, मागच्या अवजारांच्या खोपटात फावड्यामागे ठेवला, आणि बादलीभर पाण्यात चांगल्या दोन मुठी हिंग कालवून गड्ड्यांवर शिंपडला.

सांगायला अभिमान वाटतो, की मावा गेला. तिसऱ्या शिंपडणीला एकही उरला नाही. शेजारची मांजरंही गेली.

सण चार दिवसांवर आला. एस्तेरनं घर उपसायला काढलं. पेसाखच्या दिवसांत घरात खमेत्स चालत नाही, म्हणजे गहू, जव, पाव, पीठ, भिजून आंबेल असं काहीच. माझ्या आजीला हा हिब्रू शब्द ठाऊक नव्हता. ती या सणाला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणायची. घरात आंबट कालवणाचं एक मडकं असायचं, ते आठ दिवस तोंड बांधून झाकून ठेवायचं, कोणी हात लावायचा नाही. का, ते तिला विचारलं तर म्हणायची, "झाकायचं असतं." पुस्तक नाही, पाठशाळा नाही, नुसतं एक झाकलेलं मडकं. त्यावर आमच्या लोकांनी सण टिकवून धरला होता. त्या आठवड्यात मला आजीची फार आठवण यायची. तिला कोणी कागद मागितले असते तर तिनं ते मडकं पुढे केलं असतं.

एस्तेरनं डबे धुतले, फळ्या पुसल्या, कपाटं भिंतीपासून ओढली. मग मला विचारलं, "हिंगाचा डबा दिसत नाय. तुमी कुटं ठेवलाव?"

"संपला," मी म्हणालो.

"सगला?"

"माझं पोट बिघडलं होतं."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. एवढा हिंग खाल्लेला माणूस जिवंत कसा, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. पण घर अर्धं उपसलेलं होतं, तिला वेळ नव्हता. मी सुटलो. निदान मला तसं वाटलं.

सणाच्या दिवशी दुपारच्या बसनं मकलूफसाहेब आणि शिमोन आले. काळा कोट, पांढरा सदरा, हातात एक कापडी पिशवी. पिशवी त्यांनी कोणाला घेऊ दिली नाही. घर शांतपणे बघितलं. दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, धर्मवचनं ठेवलेली डबी, हातानं चाचपला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी एस्तेरला दोनचार प्रश्न विचारले. तिनं तिच्या मोडक्या हिब्रूत उत्तरं दिली, आणि जिथे शब्द संपले तिथे रिकामे, उपडे ठेवलेले डबे दाखवले.  लिया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

मग मी माझे गड्डे आणले. तीनदा धुतलेले, पान पान सुटं केलेलं, नव्या घमेल्यात. मकलूफसाहेबांनी चष्मा लावला, खुर्ची पश्चिमेच्या खिडकीशी ओढली आणि पहिलं पान उन्हात धरलं. मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या, नापासही झालो, पण इतका वेळ कोणी पेपर तपासलेला पाहिला नाही. दुसरं पान. तिसरं. शीर न् शीर. एकोणीस पानं त्यांनी बघितली, आणि मी शिमोनकडे, शिमोन लियाकडे, लिया जमिनीकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत असं पान मी पाहिलं नाही."

लियानं मान वर केली. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. मला वाटलं, झालं. लग्न झालं, नातवंडं झाली, मी त्यांना शेती शिकवली.

"फक्त याला एक वास येतोय," मकलूफसाहेब म्हणाले. "वाईट नाही. कसला?"

आता गप्प बसण्याइतकी अक्कल माझ्यात असती, तर ही आठवण लिहायचं कारणच नव्हतं. मी छाती काढून सांगितलं, की ही आमच्या मुलखातली विद्या आहे, एका झाडाचा चीक असतो, तो पाण्यात कालवून शिंपडला की झालं. त्यांना फार पसंत पडलं. म्हणाले, नाव सांगा, मी लिहून घेतो. मी म्हटलं, नाव काय, डबाच दाखवतो. एस्तेर चुलीपाशी होती, तिची पाठ ताठ झाली. मला ते दिसलं, तरी मी निघालोच.

खोपटात डबा फावड्यामागेच होता. मी तो उचलला, झाकण उघडलं, आणि तो ओळखीचा वास नाकात गेला तशी मला पेढी दिसली. मागचं दार. मागच्या दारानं रोज सकाळी उतरणारी पोती. चौदा वर्षं त्या पोत्यांच्या पावत्या माझ्या हातानं लिहिलेल्या. खडा हिंग इतका उग्र असतो की तो तसा विकत नाहीत. त्यात डिंक घालतात, आणि पीठ घालून मळतात, त्यालाच बांधानी म्हणायचं. मळतात, म्हणजे पाणी घालून. आणि ती पोती गव्हाच्या पिठाची होती.

मी तिथेच फावड्याच्या दांड्याला धरून उभा राहिलो. मुंबईत दर पेसाखला एस्तेर हिंगाची बरणी शेजारच्या गुजराती बाईंकडे आठ दिवस ठेवायला द्यायची. का देते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. आणि चार दिवसांपूर्वी तिनं डबा मागितला होता. मागितला होता, आणि मी संपला म्हणालो होतो.

ही गोष्ट जगात एकट्या मला ठाऊक होती. एस्तेरला शंका आली असेल, पण डबा रिकामा झाला एवढंच तिला सांगितलेलं होतं. मकलूफसाहेबांना हिंग म्हणजे झाडाचा चीक. पानं तीनदा धुतलेली. मी बाहेर जाऊन नुसतं नाव सांगितलं असतं, तर संध्याकाळ पार पडली असती आणि लग्नही. खरं सांगतो, मी तसं ठरवलं. झाकण लावलं, डबा परत फावड्यामागे सरकवला आणि दारापर्यंत आलो. तिथे आजी आठवली. कोणी बघत नसताना वर्षानुवर्षं मडकं झाकून ठेवणारी. आज मी व्याह्यासमोर ते उघडं टाकणार होतो, आणि तेही आम्ही खरे आहोत हे पटवून देण्यासाठी. 

मी परत फिरून डबा घेतला, आत आलो आणि तो जमिनीवर ठेवला. टेबलावर ठेवायची हिंमत झाली नाही. हिब्रूत मला जेमतेम येत होतं तेवढ्यात सगळं सांगितलं. गव्हाचं पीठ, पाणी, शिंपडणं, आणि बायकोशी खोटं बोललो तेही. सांगताना लियाकडे बघितलं नाही. तिचा श्वास मात्र ऐकू आला.

 मकलूफसाहेबांनी डब्याकडे बघितलं, पानांकडे बघितलं. मग उठले आणि पानं घमेल्यासकट उचलून अंगणात नेऊन ठेवली. परत येऊन एस्तेरला विचारलं, की या पानांना अजून काय काय लागलंय. तिनं एक सुरी, एक फडकं आणि मी, असं मोजून सांगितलं. सुरी आणि फडकं बाहेर गेलं. मलाही बाहेर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि सदरा बदलायला लावला.

डबा जाळणं भाग होतं. खमेत्स सापडलं तर जाळतात. शिमोननं अंगणात काटक्या पेटवल्या आणि मी पाऊण डबा बांधानी हिंग, शेठजींची आठवण, त्यात ओतला. त्या दिवशी वारा पडला होता. हिंगाचा धूर उठला आणि घरांच्या रांगांमधून आरामात फिरायला निघाला. लोक दारं उघडून बाहेर आले. कारखान्यात काहीतरी फुटलं असं समजून कोणी मुलांना आत ओढलं. पलीकडच्या रांगेतली आमची माणसं मात्र धावत आमच्याकडेच आली, आणि एकेकाचं तोंड बघण्यासारखं होतं. तीन वर्षांत एवढा हिंग एका जागी कोणाच्या नाकात गेला नव्हता. एक म्हातारे काका तर डोळे मिटून उभेच राहिले. त्यांना मी काय झालं ते सांगितलं, तर म्हणाले, "जरा दमानं जाळ रे बाबा."

धूर विरला तरी प्रश्न उरलाच. सूर्य खाली चालला होता आणि कडू पान नव्हतं. तेव्हा मकलूफसाहेबांनी घसा खाकरला आणि त्यांची ती कापडी पिशवी पुढे घेतली. ओशाळल्यासारखे होऊन म्हणाले, की त्यांनी, अडचण नको म्हणून, स्वतःपुरतं आणलंय. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, बेर्शेबाच्या बाजारातला गोल गड्डा होता. म्हणजे त्यांचा आमच्यावर भरवसा नव्हताच.  मी बोलायच्या लायकीचा उरलो नव्हतो. त्यांनी पहिलं पान काढलं, उन्हात धरलं, आणि धरूनच राहिले. मला इतक्या लांबून दिसलं. आजी, आया, नाती, सगळं कुटुंब.

त्यांनी गड्डा मुकाट्यानं परत वर्तमानपत्रात गुंडाळला.

एस्तेरनं पदर खोचला. ती नवी सुरी घेऊन मागे गेली आणि कुंपणाजवळून ती लांब, उभी, चिकाची पानं ओच्यातून घेऊन आली. धुऊन मकलूफसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी एकेक पान बघितलं. सगळी बघून झाल्यावर पहिलं पुन्हा घेऊन बघितलं.

"याला काय शिंपडलंय?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," एस्तेर मराठीतच म्हणाली. "याला यांनी हात नाय लावला."

लियानं ते हिब्रूत सांगितलं, आणि सांगताना तिचे ओठ थरथरले. ती रडतेय की हसतेय, मला कळलं नाही.

संध्याकाळी टेबलावर बसलो. मंत्र झाले, मिसरची कथा झाली, आणि कडू पान हातात आलं. मकलूफसाहेबांनी ते चावलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, संपलं, आता कुंपणाचा पाला म्हणणार. ते डोळे न पुसता चावत राहिले. मग म्हणाले, की बेट सोडल्यापासून खरं कडू पान आज पहिल्यांदा मिळालं. त्यांची आई असंच वाढायची. इथे सगळे गोड पान खातात आणि कडू म्हणतात.

थोड्या वेळानं ते लियाकडे वळले. "मुली, तुझ्या वडलांना खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले.

लियानं ते आईला मराठीत सांगितलं.

"येतं की," एस्तेर म्हणाली. "हिंग संपला म्हनाले होते."

लियानं तेही हिब्रूत सांगितलं, आणि मकलूफसाहेब हसले. त्यांना हसताना शिमोननंसुद्धा फारसं पाहिलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीला धरून हसले.

लग्नाच्या वेळी चौकशी व्हायची ती झालीच. कचेरीत एका टेबलामागे बसलेल्या गृहस्थांनी लियाच्या आजीच्या आईबद्दल विचारलं. मी काही बोलण्याआधी मकलूफसाहेब पुढे झाले आणि म्हणाले, की या घराबद्दल काय विचारायचं ते त्यांनाच, मुलाच्या बापालाच, विचारावं. कोणी बघत नसताना चिमूटभर पिठासाठी आपल्या मुलीचं लग्न मोडायला निघालेला माणूस त्यांनी पाहिलाय, आणि याहून मोठा कागद त्यांना माहीत नाही. त्या गृहस्थांना गोष्ट पूर्ण ऐकावी लागली, हिंगासकट. मी मागे उभा होतो. आजीच्या आईचं नाव मी पुन्हा एकदा मनात घेतलं.

आता मागच्या तुकड्यात एकच जात असते, ती लांब पानांची. तिला मावा लागत नाही आणि मला तिथे जायची परवानगी नाही. दर पेसाखला एस्तेर घर उपसते, डबे धुते, फळ्या पुसते, आणि सगळं झालं की दारात एक खुर्ची टाकून मला तिच्यावर बसवते. हात मांडीवर, कशाला लावायचा नाही. परवा नातीनं तिला विचारलं, की आजोबांना असं का बसवून ठेवलंय.

"सणाला आंबटाचं मडकं झाकायचं असतं," एस्तेर म्हणाली. "आपल्या घरात मडकं नाय."